सांगायचं बंधन नसलेल्या गोष्टी

"बसा. पण त्या खुर्चीचा मागचा डावा पाय हलतो. चहा मिळेल, दूध कालचं आहे. शिकवताना मी चिडतो. शेजारचा कुत्रा उगाच भुंकतो, त्याला इलाज नाही. आणि मागच्या तुकडीत दोन जण नापास झाले, त्यांतल्या एकाला मी एक धडा चुकीचा शिकवला होता. आता बोला, काय काम काढलंत?"

सरांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं बोलणं. शब्द थोडे इकडेतिकडे झाले असतील, पण मुद्दे एवढेच होते आणि याच क्रमाने होते. मी उभाच राहिलो. खुर्चीला घाबरून नव्हे. समोरचा माणूस थट्टा करतोय की त्याला काही झालंय, हे ठरेना म्हणून. त्यांच्या मागच्या कोनाड्यात बुद्धाची लहानशी पांढरी मूर्ती होती आणि तिच्याखाली चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी होती: 'बैठकीचा टवका आमच्या हातून उडाला आहे. मूळ मूर्ती चांगली होती.'

मी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेला होतो. तळवड्यातल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर सांभाळत होतो. माल किती आला, किती गेला, किती उरला, हे बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि मला ते मनापासून आवडायचं. मग कंपनीने आमचं युनिट परराज्यात हलवायचं ठरवलं. ज्यांना यायचं त्यांनी यावं, नाही त्यांनी आपला मार्ग शोधावा. उत्तर दिवाळीच्या आत द्यायचं होतं. मी दोन्ही बाजू कागदावर मांडून पाहिल्या. आकड्यांत जाणंच बरं दिसत होतं. पण बायकोची काळेवाडीतल्या शाळेतली नोकरी, मुलीची दहावी आणि रहाटणीत हौसेने घेतलेलं घर कोणत्या रकान्यात घालायचं, ते मला जमेना.

आमच्या कंपनीचा विमा एका ब्रोकरमार्फत उतरवला जायचा. ब्रोकर म्हणजे आमच्या वतीने विमा कंपनीशी बोलणारा मधला माणूस. त्यांचं ऑफिस हिंजवडीला. तिथे नुकसानभरपाईचे दावे बघणाऱ्या विभागाच्या प्रमुख एक मॅडम होत्या. दर वर्षी आमच्या स्टोअरची पाहणी करायला यायच्या. माझी अडचण कानावर गेली तेव्हा म्हणाल्या, "कारखान्याचं स्टोअर आतून माहीत असलेला माणूस मला हवाच आहे. पण आधी विम्याची परीक्षा पास व्हा. त्याशिवाय माझे साहेब तुमचा अर्ज हातात धरणार नाहीत."

म्हणून सरांकडे गेलो. एका विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झालेले, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारे आणि रविवारी सकाळी आपल्या हॉलमध्ये या परीक्षेचे वर्ग घेणारे.

विम्याचा अभ्यास ज्याने केलेला नाही त्याच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, म्हणजे सरांचं वागणं कळेल. बाजारात साडी घेताना दुकानदार तिचे दोष सांगत नाही. बघून घेणं हे आपलं काम. विम्यात तसं चालत नाही. ज्याचा विमा उतरवायचा त्याची खरी माहिती फक्त उतरवणाऱ्यालाच असते. म्हणून धोका वाढवणारी प्रत्येक गोष्ट त्याने न विचारता, आपणहून सांगायची असते. गोदामात रंगाचे डबे आहेत, सांगा. छातीत मागे कधी दुखलं होतं, सांगा. सांगितलं नाही तर पुढे भरपाई नाकारली जाऊ शकते. सगळे लोक हे तत्त्व परीक्षेपुरतं पाठ करतात. सरांनी ते अंगाला लावून घेतलं होतं.

ते मंडईत भाजी घ्यायला गेले की भाजीवालीसमोर उभे राहून म्हणायचे, "भेंडीबद्दल काही सांगायचंय का?"

ती बाई त्यांना चांगली ओळखून होती. "भेंडीबद्दल काय सांगू? भेंडी हाय ती."

"कालची की आजची?"

"कालची म्हनलं तर घेणार न्हाई, आजची म्हनलं तर इश्वास ठेवणार न्हाई. मंग कशापायी इचारता, काका?"

यावर सर पिशवी पुढे करायचे. भेंडी घरी आली की काकूंना सांगायचे, "कालची असण्याची शक्यता आहे."

काकू म्हणजे सरांची बायको. त्यांनी हे सगळं चाळीसेक वर्षं पाहिलं होतं, आणि तरी त्या हसऱ्या होत्या. सरांच्या घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा होता, तेव्हाची हकीकत त्यांनीच सांगितली. घर बघायला आलेल्या प्रत्येकाला सर पायऱ्या चढतानाच सुरुवात करायचे. पाणी दिवसाआड येतं. दुपारनंतर पश्चिमेच्या खोलीत उभं राहवत नाही. समोरच्या मंगल कार्यालयात लग्नसराईत बँड असतो. नळ मी स्वतः दुरुस्त करतो आणि मला ते नीट येत नाही. लोक मान डोलवत ऐकायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. शेवटी घर दाखवणारा एजंट हात जोडून म्हणाला, "सर, तुम्ही एवढं सांगता, तर लोक म्हणतात लपवलेलं किती असेल! राव, जरा कमी सांगा ना."

घर बरेच महिने रिकामं राहिलं. मग चाकणला कंपनीत असलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते राहायला आले. मी सरांकडे जायला लागलो तेव्हा त्यांना वर राहून तिसरं वर्ष चाललं होतं. काकू म्हणायच्या, "आजवर एक तक्रार नाही हो त्यांची. तक्रार करायला आम्ही काही शिल्लकच ठेवलं नाही."

सरांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी तर आमच्या वर्गात दर तुकडीला सांगितली जायची, सर स्वयंपाकघरात गेले की. पाहुणे बसलेत, पोहे पुढे आलेत, मुलाची आई म्हणतेय, वा, छान झालेत. सर म्हणाले, "ते हिने केलेत. मुलीला पोहे जमत नाहीत. तिचे गोळा होतात. ती उशिरा उठते आणि रागावली की दोन दिवस बोलत नाही, हे माझ्यावर गेलंय." पाहुण्यांनी पोहे संपवले आणि निरोप घेतला. पुढच्या पाहुण्यांत मात्र मुलगा मोठ्याने हसला आणि म्हणाला, "काका, मीही घोरतो." सरांनी त्याच क्षणी त्याला पसंत केलं. न विचारता सांगितलं म्हणून.

"यांनी आयुष्यभर लोकांना पत्रं लिहिली," काकू एकदा मला म्हणाल्या. त्या वेळी सर बाहेर शेजारच्या कुत्र्याच्या मालकाशी वाद घालत होते. "तुम्ही अमुक गोष्ट सांगितली नव्हती, सबब दावा मंजूर करता येत नाही. पत्र नियमाने बरोबरच असायचं. पण ते लिहून आले की यांना जेवण जायचं नाही. आता कुणी आपल्याला तसं म्हणू नये, एवढीच धडपड आहे. चिडू नका त्यांच्यावर."

चिडायला मला वेगळं कारण होतं. सर कधी चांगलं म्हणत नसत.

आमच्या तुकडीत मोजके लोक होते. त्यांतले एक चाकणच्या बाजूच्या गावचे. त्यांच्या वडिलांची जमीन कारखान्यांत गेली होती आणि ते दोन टेम्पो चालवायचे. गाड्यांचा विमा विकायची एजन्सी घ्यायची म्हणून ते या वर्गात आले होते. आम्ही त्यांना टेम्पोभाऊ म्हणायचो. ते दर रविवारी उशिरा यायचे आणि दर रविवारी सर त्यांना उशीर होण्याचं मुख्य कारण विचारायचे. नुकसान झालं की त्याच्या मुळाशी असलेलं खरं कारण शोधायचं, हाही अभ्यासातला एक धडा होता.

"सर, तळवडे चौकात कंटेनर आडवा झालता."

"कंटेनर हलला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

टेम्पोभाऊ डोकं खाजवायचे. "घरी."

"मग कंटेनर मुख्य कारण नाही. मुख्य कारण काय?"

"झोप, सर."

"लिहून घ्या सगळ्यांनी," सर म्हणायचे.

सराव परीक्षेचे पेपर सर तांबड्या पेनाने तपासायचे. चुकीच्या उत्तरावर गोल. बरोबर उत्तरावर काहीच नाही, बरोबरची साधी खूणसुद्धा नाही. पेपर परत देताना ते फक्त गोलांबद्दल बोलायचे. एकदा माझा अख्खा पेपर कोरा परत आला. मी तो उलटसुलट करून पाहिला, मला वाटलं तपासायचा राहिला.

"सर, माझा बघायचा राहिला का?"

"बघितला."

"मग?"

"मग काय? पुढचा धडा."

टेम्पोभाऊंना राहवलं नाही. "सर, ह्यांचं समदं बरोबर आलं. निदान मान तरी हलवा की राव."

"बरोबर आलेल्याचं काय करायचंय मला?" सर म्हणाले आणि पुस्तकात बघायला लागले.

घरी आल्यावर मी बायकोला पेपर दाखवला. तिने तो नीट बघितला आणि स्वतःच्या पेनाने खाली 'छान' लिहिलं, तिच्या शाळेतल्या मुलांना लिहिते तसं. मी तो पेपर जपून ठेवलाय. पण तो सरांचा शेरा नव्हता, हे खरंच.

माझी एक चूक मात्र सुटत नव्हती, आणि तिच्यावर सरांचा तांबडा गोल ठरलेला असायचा. त्या कोऱ्या पेपरात हा प्रश्न नव्हता, पण एरवी तो वेगवेगळ्या रूपांत यायचा आणि गाभा एकच: पुढीलपैकी कोणती गोष्ट सांगण्याचं विमा उतरवणाऱ्यावर बंधन नाही? पर्याय असायचे: गोदामात ज्वालाग्राही माल आहे, मागच्या वर्षी तिथे चोरी झाली, दुसऱ्या कंपनीने विमा नाकारला होता, गोदामात आग विझवण्याची स्वयंचलित यंत्रणा बसवली आहे. उत्तर शेवटचं. जी गोष्ट धोका कमी करते ती सांगायचं बंधन नसतं. मला हे कळायचं, पण पेन हातात घेतलं की पटायचं नाही. स्टोअरमध्ये आम्ही कमी भरलेला माल जसा लिहितो तसा जास्त भरलेलाही लिहितो. एखादी पेटी जास्त निघाली आणि लिहिली नाही, तर ती चूकच. सगळं लिहायचं, हा माझ्या हाताचा धर्म झाला होता. मी दर वेळी भलताच पर्याय निवडायचो.

"अहो, पण सर," मी वाद घालायचो, "ज्याने आगीची यंत्रणा बसवली तो सांगणारच ना? त्याचाच फायदा आहे."

"सांगू दे की. त्याला कोण अडवतंय? पण न सांगितल्याने त्याचा दावा अडणार नाही. विमा कंपनीला कुणी फसवलं नाही. उलट तिला वाटलं त्यापेक्षा माणूस चांगला निघाला."

"पण माहिती अपुरी राहते."

"राहू दे अपुरी. चांगली बाजू अपुरी राहिली तर कुणाचं नुकसान होत नाही."

"माझ्या स्टोअरमध्ये होतं."

"हे स्टोअर नाही!" सर टेबलावर हात मारायचे आणि शेजारचा कुत्रा भुंकायला लागायचा. टेम्पोभाऊ मध्ये पडायचे, "जाऊ द्या भाऊ. आमच्यावानी करा. पटलं न्हाई तरी खूण करून टाका."

परीक्षा निगडीच्या एका संगणक केंद्रावर होती. एका खोलीत ओळीने बसवलेले संगणक, माझ्या दोन्ही बाजूंना माझ्या मुलीहून थोडी मोठी दिसणारी मुलं, आणि पडद्यावर एकामागून एक प्रश्न. मी शांत होतो असं म्हणणार नाही. ते उत्तर कंपनीला द्यायला फार दिवस उरले नव्हते आणि पुन्हा परीक्षेला बसायला वेळ नव्हता. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर तो प्रश्न आला. या वेळी आगीची यंत्रणा नव्हती. एका दागिन्यांच्या दुकानदाराने दोन पहारेकरी ठेवले होते. माझा हात सवयीने भलतीकडे गेला. मग सरांचा हात टेबलावर पडल्याचा आवाज आला, म्हणजे आठवला, आणि मी पहारेकऱ्यांवर खूण केली. पटलं नव्हतं. पण खूण केली.

पास झालो. निकाल तिथेच कळला. केंद्राच्या जिन्यातूनच सरांना फोन केला.

"किती चुकले?" सरांनी विचारलं.

मी आकडा सांगितला.

"कोणते?"

"ते दाखवत नाहीत, सर."

"मग शिकायचं काय त्यातून!" म्हणाले आणि फोन ठेवला.

आता ब्रोकरच्या ऑफिसात रीतसर अर्ज गेला. मॅडमनी सांगितलं की साहेबांचा नियम आहे, विमा क्षेत्रातल्या ओळखीच्या एका माणसाचं नाव द्यावं लागेल, त्याच्याशी आम्ही बोलून घेऊ. विमा क्षेत्रातला मला ओळखणारा माणूस जगात एकच होता. मी ते नाव आणि नंबर दिला. बायकोला सांगितलं, तेव्हा ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"पोह्यांची गोष्ट तुम्हीच सांगितलीत ना मला?"

"हो."

"आणि तरी त्यांचंच नाव दिलंत?"

"दुसरं कुणाचं देऊ?"

ती पुन्हा कणीक मळायला लागली, जरा जोरात.

रविवारी दुपारी सरांचा फोन आला. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. माझा हात बरबटलेला, म्हणून मुलीने फोन स्पीकरवर टाकला.

"तुमच्या त्या मॅडमचा फोन येऊन गेला," सर म्हणाले. "तुमच्याबद्दल मी काय काय सांगितलं ते तुमच्या कानावर घालणं माझं काम आहे. लिहून घेता का?"

"सांगा सर, ऐकतोय."

"तुम्ही सावकाश काम करता. इंग्रजी पत्र पहिल्या खेपेला जमत नाही. एखादी गोष्ट पटली नाही तर वाद घालता आणि समोरचा वैतागेपर्यंत सोडत नाही. पटलं नसलं तरी पटलं म्हणायची कला नाही. स्टोअरची सवय जात नाही, सगळंच लिहायला बघता. मोठ्या लोकांशी बोलताना आवाज उतरतो. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, कारखान्यातल्या आवाजामुळे. वय सांगितलं, ते अर्जात असेलच."

आमटी निवत होती. मुलगी ओठ चावून हसू दाबत होती. बायकोने मला न विचारता फोनकडे तोंड करून विचारलं, "सर, काही चांगलं सांगितलंत का हो?"

पलीकडे थोडा वेळ कुत्रा ऐकू आला. "जेवा तुम्ही," सर म्हणाले आणि फोन बंद झाला.

"झालं," बायको म्हणाली. "आता तिकडची भाषा शिकायला लागा."

ती हसत म्हणाली, पण रात्रीची भाजी तिने नेहमीपेक्षा फारच बारीक चिरली. खरं सांगायचं तर सरांचा राग येत नव्हता. त्यांनी सांगितलेल्यात एकच गोष्ट चुकीची होती, आणि मला सारखी तीच टोचत होती.

कंपनीला उत्तर द्यायची मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना मॅडमनी हिंजवडीला बोलावलं. रस्त्यात कंपन्यांच्या कॅब एकीमागे एक अडकल्या होत्या. मी तास-दीड तास आधी निघालो होतो म्हणून वेळेत पोहोचलो. मॅडमसमोर एक कागद होता. त्यांनी तो माझ्याकडे वळवला नाही, पण त्यावर ओळी बऱ्याच होत्या.

"तुमचे सर बराच वेळ बोलले," त्या म्हणाल्या. "एखाद्याची शिफारस करताना एवढे दोष सांगणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. मी वाचून दाखवते. चुकीचं असेल ते सांगा."

त्यांनी सगळं वाचलं. सावकाश, इंग्रजी, वाद, सगळं लिहायची सवय, आवाज उतरणं, डावा कान. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इथे काय बोलायला हवं होतं ते आता मला माहीत आहे. एखाद्या हुशार माणसाने दोन-तीन दोष खोडून काढले असते, उरलेल्यांना गोड नाव दिलं असतं.

मी म्हणालो, "सगळं बरोबर आहे. फक्त कान उजवा."

मॅडम इतक्या हसल्या, की काचेपलीकडचे लोक बघायला लागले. डोळे पुसून त्यांनी कागदावर दुरुस्ती केली.

"आमच्याकडे काम काय असतं, माहितीये?" त्या म्हणाल्या. "कारखान्यात नुकसान होतं. तिथला माणूस जास्त सांगतो, विमा कंपनीचा माणूस कमी धरतो. मध्ये मला असा एक माणूस हवा, जो सावकाश मोजेल, सगळं लिहील आणि पटलं नाही तर कुणाचंच ऐकणार नाही. तुमच्या सरांना वाटलं असेल, ते तुमचे दोष सांगतायत. इंग्रजी पत्रं मी बघून देईन. वर्षभरात शिका."

"हो, मॅडम," मी म्हणालो. आवाज उतरला होता, हे त्यांच्या लक्षात आलंच असेल.

"आणि एक," त्या कागद बाजूला ठेवत म्हणाल्या. "सगळं ऐकून झाल्यावर मी त्यांना विचारलं, की या माणसात काहीच चांगलं नाही का? तर म्हणाले, मॅडम, ही परीक्षा तुम्हीही दिली असेल. कोणत्या गोष्टी सांगायचं बंधन नसतं, ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, तरी सांगा ना. तर म्हणाले, नको, तुमचा वेळ जाईल, पुष्कळ आहेत."

हिंजवडीहून परत येताना रस्ता तसाच तुंबलेला होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी कोऱ्या परत आलेल्या पेपरचा विचार करत होतो. सरांचा प्रत्येक तांबडा गोल माझ्या लक्षात होता. त्या गोलांमधल्या मोकळ्या जागेकडे मी कधी बघितलंच नव्हतं. पर्याय शेवटचा, बंधन नसलेला. तो मला तेव्हा पटला, परीक्षेनंतर, आणि परीक्षेबाहेर.

कंपनीला नाही म्हणून कळवलं आणि बायकोला घेऊन पेढे द्यायला सरांकडे गेलो. सरांनी पेढा खाल्ला, साखर जास्त आहे म्हणाले, आणि विचारलं, "त्यांनी सगळं वाचून दाखवलं का?"

"दाखवलं, सर. फक्त कान उजवा होता."

सरांचा चेहरा उतरला. उतरला म्हणजे खरोखर उतरला. "उजवा?"

"हो. पण काही बिघडलं नाही, मी तिथेच सांगितलं."

"तुम्ही सांगितलं. मी नाही सांगितलं. माझं निवेदन चुकीचं होतं." ते उठले, चष्मा शोधला आणि मॅडमना फोन लावला. मला नोकरी मिळाली याबद्दल त्या फोनवर एक शब्द नव्हता. "अजाणता झालं," ते म्हणत होते, "पण चुकीचं ते चुकीचंच. माझ्या बाजूने तो उजवा करावा." पलीकडून मॅडम काय म्हणाल्या कळलं नाही, पण हसण्याचा आवाज आला. सर मात्र गंभीर होते. फोन ठेवल्यावर बरं वाटल्यासारखे बसले आणि त्यांनी दुसरा पेढा घेतला.

बायको मला खालच्या आवाजात म्हणाली, "दोन खाल्ले." काकूंनी ते ऐकलं. "तुमचा निकाल लागला त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी होती," त्या म्हणाल्या. "सण नव्हता काही. मी विचारलं, कशाबद्दल? तर म्हणे, सांगायलाच पाहिजे का?"

टेम्पोभाऊ त्याच सुमारास पास झाले. आता ते चाकणच्या बाजूला गाड्यांचे विमे उतरवतात आणि गिऱ्हाईकाला म्हणतात, "पयलं समदं खरं सांगायचं बरं का, न्हाईतर माझं सर येतील." काम चांगलं चाललंय त्यांचं. मी हिंजवडीला जातो, कारखान्यांत फिरतो, सावकाश मोजतो. इंग्रजी पत्र आता दुसऱ्या खेपेला जमतं. वर्षभरात शिका म्हणाल्या होत्या, वर्षापेक्षा जास्त लागलं. तेही सांगितलेलं बरं. संध्याकाळी घरी असतो. मुलीची दहावी मी घरात राहून पाहिली.

सर आणि काकू आता मुलीकडे राहायला गेलेत, त्या घोरणाऱ्या जावयाच्या घरी. जाताना राहतं घर विकायचं होतं. तेव्हा विकत घ्यायला आलेल्या माणसाला सर पायऱ्यांपासून सगळं सांगत वर नेत होते, आणि वरचं चाकणचं जोडपं दारात येऊन म्हणालं, "काका, तुम्ही नका त्रास घेऊ, आम्हाला सगळं पाठ आहे, आम्ही सांगतो." घर शेवटी त्यांनीच घेतलं.

सरांबद्दल कुणी विचारलं तर काय सांगावं, याचा मी बराच विचार केला आणि मग हे लिहायला घेतलं. जे सांगणं भाग आहे ते वर आलंच आहे. ते चिडतात. टेबलावर हात मारतात. पेढ्यात साखर जास्त आहे म्हणून सांगतात आणि दोन खातात. त्यांच्या खुर्चीचा पाय शेवटपर्यंत हलत होता. कान कोणता, हे त्यांच्या लक्षात राहत नाही. एका विद्यार्थ्याला त्यांनी एक धडा चुकीचा शिकवला होता. माझ्या माहितीत एवढंच आहे; काही राहिलं असेल तर ते अजाणता राहिलं.

बाकीचं पुष्कळ आहे. ते सांगायचं मला बंधन नाही.